वडगावच्या आमच्या झेरॉक्स दुकानात मायक्रोटिक हेक्स राउटर, सात महिने वापरल्यावर

आधी दुकानाचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. बेळगावात वडगावला आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान, ऑनलाइन फॉर्म भरतो, शेताचे उतारे काढून देतो, जात-उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज करतो आणि लग्नाच्या पत्रिका, कुणाला मराठीत, कुणाला कन्नडमध्ये, बऱ्याच जणांना दोन्हीत. ४ कॉम्प्युटर, २ प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, आमचे ३ मोबाईल आणि वर दिवसभर येणाऱ्या गिऱ्हाइकांचे मोबाईल, कारण लोक कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि निम्म्यांचा डेटा संपलेला असतो मग वायफाय द्यावंच लागतं.

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि पत्रिकांची रांग लागली, आणि त्याच आठवड्यात आमचा मोठा प्रिंटर गायब व्हायला लागला. गायब म्हणजे मशीन समोर चालू, दिवा हिरवा, स्वतःची झेरॉक्स नीट काढतंय, पण कॉम्प्युटरवरून प्रिंट दिली की ऑफलाइन. बंद करून चालू केलं की तासभर चालायचं मग परत तेच. येळ्ळूरचे एक मामा काउंटरला उभे, "वैनी, दोनशे पत्रिका आज संध्याकाळी न्यायच्या होत्या की ओ, उद्या कोल्हापूरला वाटायला निघालोय," आणि मी एका हातात पेन ड्राइव्ह घेऊन या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर पळतेय. त्या दिवशी रात्री साडेदहाला पत्रिका दिल्या त्यांना. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही पण मला फार लागलं, लग्नघरचं काम अडकवायचं नसतं.

भाचा हुबळीला इंजिनिअरिंगला आहे, तो सुट्टीला आला तेव्हा त्याने बसून बघितलं आणि दोन गोष्टी सापडल्या. एक, आधी कुणीतरी प्रिंटरला हाताने आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्त्याचा नंबर, टाकून ठेवलेला, १९२.१६८.०.१०५, आणि आमचा जुना वायफाय राउटर आपोआप जे नंबर वाटायचा ते १०० पासून सुरू. म्हणजे राउटरला माहीतच नाही की १०५ घेतलेला आहे, तो एखाद्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलला १०५ देऊन मोकळा, आणि दोघांचा एकच नंबर झाला की प्रिंटर गेला. गिऱ्हाईक निघून गेलं की प्रिंटर परत आला. म्हणून ते कधी चालायचं कधी नाही. दुसरी गोष्ट याच्याहून वाईट. नेट बसवायला आलेल्या पोराने फायबरच्या डब्यातली वायर जुन्या राउटरच्या वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) भोकात न घालता लॅनच्या (आतल्या मशीन लावतात त्या) भोकात घातलेली. त्यामुळे फायबरचा डबाही नंबर वाटतोय आणि राउटरही नंबर वाटतोय, एकाच वायरीवर दोघं. कुणाला १९२.१६८.१ चा नंबर मिळायचा कुणाला १९२.१६८.० चा, ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा. दोन वेगवेगळ्या गल्ल्या झाल्या म्हणा की, या गल्लीतल्या कॉम्प्युटरला त्या गल्लीतला प्रिंटर दिसत नाही. दीड वर्ष आम्ही असं चालवलं, प्रिंटरवाल्याला दोनदा बोलवून पैसे दिले, आणि मशीन बिचारं ठीकच होतं.

हे आपोआप नंबर वाटणं म्हणजेच डीएचसीपी. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला देतात ना तसं समजा. मोबाईल वायफायला लागला की मोठ्याने विचारतो कुणी नंबर देणारं आहे का, डीएचसीपीवाला म्हणतो हा घे अमुक नंबर, मोबाईल म्हणतो मला तोच पाहिजे, मग तो म्हणतो दिला. चार निरोप, डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक, संपलं. नंबरासोबत गेटवे (बाहेर नेटकडे जायचं दार) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा नंबर सांगणारा) पण सांगून टाकतो, म्हणून आपल्याला मोबाईलमध्ये काही भरावं लागत नाही. १९९७ च्या मार्चमध्ये याचा जो नियम लिहिला गेला त्यावरच आजही घरोघरचे राउटर चालतात. आणि नंबर कायमचा देत नाहीत, ठराविक वेळेपुरता देतात, त्याला लीज म्हणतात. निम्मी वेळ झाली की मोबाईल गुपचूप येऊन मुदत वाढवून घेतो. पण बिल्ले देणारे दोघं बसले आणि दोघांकडे आपापलं वेगळं रजिस्टर असलं तर काय होणार, ते आम्ही भोगलंच.

भाच्याने मायक्रोटिकचा हेक्स घ्यायला सांगितला. कंपनी लॅटव्हिया देशातली, रीगा शहरातली, १९९६ पासूनची. आम्ही ऑनलाइन मागवला, साधारण पाच हजारांच्या आसपास पडला, चार दिवसांत आला. हातात घेतल्यावर खरं सांगायचं तर एवढासा डबा बघून मला वाटलं याला पाच हजार? तळहाताएवढा, पंखा नाही, आवाज नाही, ५ पोर्ट (वायरीची भोकं) आणि पाचही गिगाबिट, म्हणजे वेगवान. आणि घेण्याआधी हे नीट वाचा, यात वायफाय नाही. वायफाय हवं असेल तर याच कंपनीचे दुसरे मॉडेल आहेत किंवा आमच्यासारखं जुना राउटर मागे लावायचा.

आता मुख्य, सेटिंग. बॉक्समधून काढून पहिल्या पोर्टला फायबरच्या डब्याची वायर लावली, बाकीच्या पोर्टला कॉम्प्युटर, एवढ्यावरच नेट चालू झालं, कारण तो आधीपासूनच १९२.१६८.८८.१ धरून बसलेला असतो आणि मागच्या चार पोर्टवर नंबर वाटतच असतो, १० पासून २५४ पर्यंत. ज्यांना फक्त नेट पाहिजे त्यांनी एवढ्यावर थांबलं तरी चालेल, फक्त पासवर्ड बदला.

पण मला स्वतःला शिकायचं होतं. कारण भाचा परत हुबळीला जाणार आणि दुकान मला चालवायचंय, दरवेळी कुणाची वाट बघत बसायचं मला नको होतं. म्हणून ती मुळातली डीएचसीपी काढून टाकून त्याने माझ्याकडून परत करून घेतली, त्याने माउसला हात लावला नाही. विनबॉक्स म्हणून त्यांचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्याची गोष्ट मला सगळ्यात आवडली ती म्हणजे आयपी बिघडला, उडाला, काहीही झालं तरी वायर लावलेली असली की मॅक अ‍ॅड्रेसवरून राउटर उघडता येतो; मॅक म्हणजे प्रत्येक मशीनला कंपनीनेच घातलेला ओळखनंबर. डीएचसीपी शिकताना हे फार कामाचं आहे कारण चुकीचं काही केलं की पहिला आपलाच कॉम्प्युटर बाहेर पडतो, मी तर पहिल्या अर्ध्या तासात दोनदा बाहेर पडले आणि दोन्ही वेळा मॅकवरून परत आत गेले.

त्यात आयपी, मग डीएचसीपी सर्व्हर, तिथे डीएचसीपी सेटअप असं बटण आहे. दाबलं की एकेक प्रश्न विचारत जातो. कुठल्या इंटरफेसवर (म्हणजे कुठल्या पोर्टवर किंवा पोर्टांच्या गटावर), नेटवर्क कुठलं, गेटवे कोण, कुठून कुठपर्यंत नंबर वाटू, डीएनएस काय, मुदत किती. बरीचशी उत्तरं तो स्वतःच भरून ठेवतो, आपण वाचून नेक्स्ट म्हणायचं. पण एक अट आहे, त्या इंटरफेसला आधी आयपी दिलेला पाहिजे, नाहीतर त्याला नेटवर्क कळणार कुठून. आणि पहिल्याच प्रश्नाला ब्रिज निवडायचा, सुटा पोर्ट नाही, कारण मागचे चारही पोर्ट एका ब्रिजमध्ये बांधलेले असतात. मी पोर्ट २ निवडलेला, तर ती ओळ लाल झाली आणि कुणालाच नंबर जाईना. कॉम्प्युटरने मग स्वतःच्या मनानेच १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर घेतला. हे लक्षात ठेवा, कुठल्याही कॉम्प्युटरवर १६९.२५४ दिसला तर त्याला नंबर देणारं कुणी भेटलं नाही एवढाच त्याचा अर्थ, कॉम्प्युटर बिघडलेला नाही.

वाटायचे नंबर आम्ही ५० ते २०० ठेवले, १५१ झाले. ५० च्या खालचे आमच्या मशीनसाठी राखून. मुदत १ तास. आधीच्या जुन्या राउटरमध्ये फक्त ५० नंबर आणि मुदत २४ तास असं होतं, त्यामुळे पाच मिनिटांसाठी आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशीपर्यंत नंबर अडवून ठेवायचं आणि गर्दीच्या दिवशी दुपारनंतर येणाऱ्याच्या मोबाईलवर "आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे" हेच फिरत राहायचं. आम्ही म्हणायचो नेट स्लो आहे. या जूनमध्ये पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) अ‍ॅडमिशनची गर्दी झाली, पोरं दारात पावसात छत्र्या धरून उभी, पण एकाचाही मोबाईल तसा अडकला नाही.

आता प्रिंटरचं. यासाठी म्हणून मी हा राउटर पाचपैकी पाच म्हणते. प्रिंटरमध्ये हाताने टाकलेला आयपी काढला, ऑटो केलं, मग लीजेसच्या यादीत प्रिंटर दिसला, ओळीच्या आधी डी अक्षर, म्हणजे तात्पुरता. त्या ओळीवर मेक स्टॅटिक दाबलं, डी गेलं, मग त्याच ओळीत नंबर बदलून १९२.१६८.८८.१० केला, प्रिंटर बंद करून चालू केला, आणि तेव्हापासून तो १० वर आहे. नंबर त्या मशीनच्या मॅकला बांधलाय, प्रिंटरमध्ये काहीच लिहिलेलं नाही, सगळं रजिस्टर राउटरकडे. कॉम्प्युटरवर एकदाच १० वर प्रिंटर लावून घेतला. दुसरा प्रिंटर ११, डीव्हीआर २०, कॉम्प्युटर ३१ ते ३४. प्रत्येक ओळीला कॉमेंट लिहिता येते, तिथे मी कोणतं मशीन ते लिहून ठेवलंय. तीच यादी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय, मी मराठीत लिहिली आणि आमच्याकडचा कामाचा पोरगा, त्याला कन्नड सोपं जातं, त्याने शेजारी कन्नडमध्ये लिहिली. आता मी बाजारात गेले तरी तो स्वतः बघून सांगतो अक्का ११ वाला बंद दिसतोय, वायर सुटलीय.

एक सांगायचं राहिलं, असा नंबर मोबाईलला बांधायचा असेल तर हल्लीचे मोबाईल खरा मॅक लपवून दुसराच मॅक दाखवतात, त्या वायफायपुरतं ते सेटिंग बंद करायला लागतं. माझ्या मोबाईलला आम्ही तसं केलं, गिऱ्हाइकांना काही गरज नाही.

जुना राउटर टाकून दिला नाही, तो आता नुसतं वायफाय देतो. त्याचा स्वतःचा नंबर बदलून १९२.१६८.८८.२ केला, मग त्याची डीएचसीपी बंद केली, आणि हेक्सची वायर त्याच्या वॅनमध्ये नाही तर लॅनच्या भोकात घातली. हाच क्रम ठेवा. आधी नंबर बदला, मग डीएचसीपी बंद करा, उलट केलंत तर त्या राउटरला परत उघडायला त्रास होईल. गंमत बघा, लॅनच्या भोकात वायर घातली म्हणून आमचा सगळा गोंधळ झालेला, आणि आता तीच जागा बरोबर, कारण नंबर वाटणारा एकटाच राहिलाय.

फायबरच्या डब्याची डीएचसीपी मात्र चालूच आहे, ती राहू दे, तो फक्त हेक्सच्या पहिल्या पोर्टला एक नंबर देतो आणि पलीकडे त्याचा आमच्या मशीनशी संबंध येत नाही.

शेवटची एक सोय जी साध्या घरगुती राउटरमध्ये मी कुठे बघितली नाही. डीएचसीपी सर्व्हरच्याच खिडकीत अलर्ट्स म्हणून आहे. तिथे सांगून ठेवायचं की आमच्याकडे नंबर वाटणारा हा एकच, दुसरा कुणी वाटायला लागला तर लॉगमध्ये (राउटरच्या नोंदवहीत) लिही. मे महिन्यात वळवाच्या पावसात चार-पाच वेळा करंट गेला-आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत दोन कॉम्प्युटरवर प्रिंटर दिसेना. माझ्या पोटात गोळाच आला. पण या वेळी पेन ड्राइव्ह घेऊन पळाले नाही, लॉग उघडला, तर तिथे अनोळखी डीएचसीपी सर्व्हर सापडल्याची नोंद आणि त्याचा मॅक. राउटरच्या खालच्या स्टिकरवर बघितलं, आमचा तो जुना वायफायवालाच, त्याचं सेटिंग उडून पहिल्यासारखं झालेलं आणि तो परत नंबर वाटायला बसलेला. वायर काढली, सेटिंग परत केलं, वीस मिनिटांत दुकान चालू, बाहेर उभ्या असलेल्या मावशींचा उतारा पण निघाला. आता तो आणि हेक्स दोन्ही छोट्या यूपीएसवर टाकलेत.

कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे नुसते मोबाईल आणि टीव्ही आहेत त्यांनी नको, घरचा साधा राउटर पुरतो, फक्त नंबर वाटणारे दोन झालेत का ते एकदा बघा. पण दुकान, क्लास, दवाखाना, अभ्यासिका, जिथे प्रिंटर किंवा कॅमेरा नेटवर्कवर आहे आणि येणारी-जाणारी माणसं वायफाय वापरतात, तिथे हा घ्याच. मेनू सगळे इंग्लिशमध्ये आहेत आणि पर्याय खूप, पहिल्या दिवशी डोळे फिरतात, पण डीएचसीपीपुरतं म्हणाल तर त्यातल्या तीनच जागा लागतात, सेटअपचं बटण, लीजेसची यादी आणि अलर्ट्स. एक संध्याकाळ काढा, दुकान बंद केल्यावर बसा, गिऱ्हाईक असताना करू नका. खानापूर, निपाणीकडच्या कुणा दुकानवाल्याला अडलं तर खाली विचारा, सकाळी दहाच्या आत किंवा रात्री नऊनंतर उत्तर देते, मधल्या वेळात काउंटर असतं.