दिवस मोजणारं अ‍ॅप की भिंतीवरचं कालनिर्णय?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जोडप्यांच्या मोबाइलवर हल्ली दोघांच्या फोटोखाली एक आकडा असतो. ४१२ दिवस, ९८७ दिवस. एकत्र असण्याचे दिवस मोजणारी अशी अ‍ॅप ढिगानं मिळतात, बरीचशी फुकट. तारीख टाकायची, फोटो लावायचा, विजेट, म्हणजे आकड्याची छोटी चौकट, होम स्क्रीनवर ओढून ठेवायचं, दोन मिनिटांचं काम. मात्र तो आकडा नक्की कशाचा, हे अ‍ॅप सांगत नाही, आणि रुसवेफुगवे त्यावरूनच होतात.

पहिला घोळ पहिल्या दिवसाचा. काही अ‍ॅप सुरुवातीचा दिवस शून्य धरतात, काही एक. सुरुवात १ जानेवारी २०२३ ची असेल तर पहिल्या हिशोबानं हजार दिवस २७ सप्टेंबर २०२५ ला भरतात, दुसऱ्या हिशोबानं २६ सप्टेंबरलाच. तिच्या फोनवर आज हजार आणि त्याच्या फोनवर उद्या, असं झालं की कोण विसरलं यावर वाद होतो. विसरलेलं कुणीच नसतं. सेटिंगमध्ये पहिला दिवस मोजायचा की नाही असा पर्याय बहुधा असतो, तो दोघांनी सारखा ठेवावा. तो पर्यायच नसलेलं अ‍ॅप घेऊ नये.

दुसरा घोळ तारीख लिहिण्याचा. फोन अमेरिकन पद्धतीवर असेल तर ०५/०६ म्हणजे ५ जून नव्हे, ६ मे होतो आणि आकडा तीस दिवसांनी फुगतो. महिना अक्षरांत दिसतोय का, ते बघूनच तारीख पक्की करावी. विजेटचा आकडा दोन-दोन दिवस हलत नसेल तर बॅटरी सेव्हर अ‍ॅपला झोपवत असतो. त्या एका अ‍ॅपला त्यातून सूट द्यावी. जोडीदार दुबईत असेल तर तिथलं घड्याळ दीड तास मागे असतं, म्हणून आपल्याकडे रात्री १२ ते दीडपर्यंत दोन्हीकडचे आकडे वेगळे दिसणारच. २९ फेब्रुवारी २०२४ ला जुळलेल्यांनी वाढदिवस २८ फेब्रुवारीला की १ मार्चला, हे आपसांत ठरवून टाकावं. अ‍ॅप आपल्या मनानं काहीतरी धरतं.

यापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे मोजायचं कुठून. आपल्याकडे सुरुवाती निदान तीन: होकाराचा दिवस, साखरपुडा (कन्नड घरात निश्चितार्थ) आणि अक्षता. दोघांचा आकडा पहिल्यापासून चालतो, घरच्यांचा दुसऱ्यापासून. एकाच आकड्यात हे सगळं कोंबलं की तो कुणालाच खरा वाटत नाही. त्यामुळे तीन वेगळे काउंटर ठेवू देणारं साधं अ‍ॅप नक्षीदार थीमवाल्या अ‍ॅपपेक्षा कितीतरी चांगलं.

तिथीच्या बाबतीत मात्र ही अ‍ॅप नापास. घरची मोठी माणसं वाढदिवस तिथीनं धरतात. समजा साखरपुडा २२ एप्रिल २०२३ च्या अक्षय तृतीयेला झाला. पुढची अक्षय तृतीया १० मे २०२४ ला आली, म्हणजे ३८४ दिवसांनी. त्यानंतरची ३० एप्रिल २०२५ ला, ३५५ दिवसांनी. मग १९ एप्रिल २०२६, ३५४ दिवसांनी. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून तिथी दरवर्षी अलीकडे सरकते. साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो आणि ती पुन्हा पुढे ढकलली जाते. २०२३ ला अधिक श्रावण होता, म्हणून ३८४. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे २०२७ ची अक्षय तृतीया परत मे महिन्यात जाते.

इथं कालनिर्णयला पर्याय नाही. १९७३ पासून निघणारं हे कॅलेंडर कन्नडमध्येही मिळतं, आणि मराठी-कन्नड जोडप्याची त्यात मोठी सोय आहे: दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो, गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी, त्यामुळे तिच्या घरची आणि त्याच्या घरची तिथी जुळते. सासर उत्तरेकडचं असेल तर तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. वद्य पक्षात महिन्याचं नावच बदलतं, ते विचारून घ्यावं.

आणखी एक मोजमाप कॅलेंडरवरच जमतं. मुलगा पुण्यात, मुलगी निपाणीत, महिन्याला दोन रविवार भेट. अ‍ॅप वर्षाचे ३६५ दिवस दाखवतं, प्रत्यक्ष भेटी २४. लग्नाचा विचार करताना हा दुसराच आकडा जास्त कामाचा, कारण माणूस कळतो तो दमलेला, चिडलेला, घरच्यांमध्ये वावरताना पाहिल्यावर. बेळगावच्या किल्ला तलावावरची तासाभराची भेट आणि राजहंसगडावर काढलेला अख्खा दिवस एकाच मापानं मोजू नयेत. चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं अर्ध्या दिवसाला एक तिरकी रेघ, पूर्ण दिवसाला फुली करावी. फोनवरचं बोलणं त्यात धरू नये. घरी अजून सांगितलं नसेल तर मात्र स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा नकोत. दुधाचा हिशोब बघणाऱ्या आईच्या नजरेतून काही सुटत नाही. खिशातली डायरी बरी.

अ‍ॅपला पाचपैकी तीन, कालनिर्णयला साडेचार. अर्धा गुण कापला तो डिसेंबरसाठी: जुनं कॅलेंडर रद्दीत जातं आणि खुणाही त्याबरोबर जातात. ते उतरवण्याआधी वर्षाच्या रेघा-फुल्यांची बेरीज नव्याच्या जानेवारीच्या पानावर लिहून घ्यावी. फोन बदलताना अ‍ॅपमधल्या तारखाही तिथंच उतरवाव्यात.