निपाणीत स्वतःचं हॉस्पिटल की बेळगावात मेडिकल कॉलेज?

माझी भाची यंदा स्त्रीरोगात एमएस झाली. निपाणीत सासऱ्यांची जागा तयार आहे, "हॉस्पिटल टाक" म्हणतात. बेळगावच्या एका मेडिकल कॉलेजात सीनियर रेसिडेंटची, म्हणजे एमएसनंतरच्या पहिल्या पायरीची, जागाही चालून आलीय. मी बावीस वर्षं कॉलेजात काढली, त्यातली सहा विभागप्रमुख म्हणून. माझी वर्गमैत्रीण चिकोडीत स्वतःचं हॉस्पिटल चालवते. अशा पेचात असणाऱ्या सगळ्यांसाठीच लिहिते.

पैशाचं आधी उरकते. स्वतःच्या हॉस्पिटलात सुरुवातीची वर्षं बँकेच्या हप्त्यांत जातात. नंतर कॉलेजचा पगार त्या कमाईच्या जवळपासही येत नाही. रात्रीचं बाळंतपण मात्र तिथं एकटीच्या अंगावर असतं. मैत्रिणीच्या लेकीला हळद लागत होती तेव्हा ही सिझेरियन करत होती. पण चिकोडीच्या बाजारात तिला थांबवून बाया नातवंडं दाखवतात. ते सुख मला मिळालं नाही.

कॉलेजकडं माझा ओढा आहे तो संशोधनामुळं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, टोचायला शिकलेला हात लागतो. त्याच कामाची मिसोप्रोस्टॉलची गोळी साध्या हवेत टिकते. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत 25 नर्सबाईंनी 1620 बायांवर ती पडताळली. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं, म्हणजे दर 18 बायांमागं एकीचा रक्तस्राव टळला. 2006 साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्यात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे (जेएनएमसी) डॉ. कोडकणी आणि डॉ. गौडर होते. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. एका हॉस्पिटलच्या चार भिंतींत हे होत नाही.

आणि इथं आपली भाषा कामाला येते. खानापूर तालुक्यात मी एकदा एका अभ्यासाचं संमतीपत्र वाचून दाखवत होते. 'यादृच्छिक' शब्दाशी एका गरोदर बाईनं अडवलं, "म्हंजे काय ओ बाई?" शेजारची आशाताई म्हणाली, "चिठ्ठी टाकून." आम्ही तेच लिहिलं आणि कागद पुन्हा संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडं पाठवला. महिना गेला, पण त्यानंतर बाया समजून सही करू लागल्या. कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारी डॉक्टर या भागात फार मोलाची आहे.

फक्त खुर्चीसाठी मात्र कॉलेजात येऊ नये. एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी, चार वर्षं असिस्टंट, तीन वर्षं असोसिएट, सोबत शोधनिबंध, तेव्हा प्रोफेसर. पुढं विभाग, मग प्राचार्यपद. तिथं हजेरी, कॉलेजच्या तपासण्या, पदव्युत्तर (पीजी) जागा यांतच दिवस सरतो. माझी ऑपरेशनं विभागप्रमुख झाल्यावर निम्म्यावर आली. तरीही स्वतः संशोधन केलेला माणूसच त्या पदावर हवा. संशोधनासाठी खेड्यात जाणाऱ्या तरुण डॉक्टरला ओपीडीतून सुट्टी का लागते, हे अशा माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

भाचीनं थीसिससाठी प्रत्येक बाळंतिणीला सहा आठवड्यांनी स्वतः फोन केला होता. संशोधनाला लागते ती चिकाटी तिच्यात आहे, म्हणून माझं मत कॉलेज. हॉस्पिटल पस्तिशीतही टाकता येतं. खासगी प्रॅक्टिसची वर्षं मात्र कॉलेजात अनुभव म्हणून धरत नाहीत. सासऱ्यांशी मी बोलते.