ओटींचा अभ्यासगट: काही महिने चालवून पाहिल्यावर

जिल्ह्याच्या गावात एकटीच ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारी) असलं की निम्मा दिवस 'फिजिओपेक्षा तुमचं वेगळं काय?' याचं उत्तर देण्यात जातो. केस अडली तर विचारायचं कुणाला, हा त्याहून जुना प्रश्न. कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. आजही आम्हाला कार्यशाळेसाठी बहुधा मुंबई-पुणंच गाठावं लागतं. म्हणून आम्ही काही जणांनी गट केला. पंधरा दिवसांतून एकदा रात्री व्हिडिओ कॉल, एकच केस, व्याख्यान नाही. पहिला अर्धा तास फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. मला हा नियम आधी पोरकट वाटला होता. आता वाटतं, गट टिकलाय तो त्याच्यावरच.

एकीने उजव्या बाजूला अर्धांगवायू झालेल्या बाईंची केस मांडली. ध्येय: भाकरी करता येणं. प्रश्न सुरू झाले. ओट्याशी उभ्याने की चुलीपुढे बसून? मळताना जोर कुठल्या हातावर? तव्यावर टाकताना मनगट किती वळतं? वरून पाणी लावताना वाफ लागते, त्या हाताला संवेदना आहे का? या शेवटच्या प्रश्नावर तिने केसपेपर पुन्हा उघडला.

सीओपीएमवर (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर, रोजची कामं किती जमतात हे मोजायची पद्धत) तर भांडणच झालं. त्यात पेशंटने आपल्या कामगिरीला आणि समाधानाला १ ते १० गुण द्यायचे. २ गुणांचा फरक अर्थपूर्ण धरतात. वयस्कर मंडळी म्हणतात, "तुम्हीच द्या मार्क." एकाने सुचवलं, 'रुपयातले किती आणे' असं विचारा. उत्तर झटकन येतं खरं, पण सोळाची पट्टी लावली की तो आकडा सीओपीएमचा उरत नाही. मी बोलणं आण्यांवरून सुरू करते, गुण मात्र दहातच घेते.

उणिवाही आहेत. स्प्लिंट (हाताला आधार देणारा साचा) बनवणं पडद्यावर शिकता येत नाही. गरम प्लास्टिक हातावर बसवताना शेजारी कुणी तरी लागतंच. सेन्सरी इंटिग्रेशन (स्पर्श, तोल अशा संवेदनांवर काम करणारी, मुख्यतः मुलांसाठीची उपचारपद्धत) निघालं की दोन तट पडतात आणि निवाडा करणारं ज्येष्ठ कुणी नाही. आमच्या गटाला सततच्या व्यावसायिक शिक्षणाचे क्रेडिट पॉइंट नाहीत, त्यासाठी परिषदांना जावंच लागतं. पेशंटचे फोटो लेखी संमतीशिवाय दाखवत नाही, आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नाही.

गट काढणार असाल तर सगळे एकाच बॅचचे घेऊ नका. गप्पा लगेच कॉलेजवर जातात. न्यूरो (मेंदू-मज्जासंस्था), हँड (हाताच्या दुखापती), लहान मुलं असे वेगवेगळ्या कामातले घ्या, आणि केस मांडायची पाळी कुणालाही चुकवू देऊ नका.