बॅरिकमधली पेतीत आर्वीन: लाकडातून मीठ जाणवलं तरच घ्या

पेतीत आर्वीन हे स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतातलं पांढरं द्राक्ष. 1602 सालापासून तिथं त्याची नोंद आहे आणि रोन नदीकाठचं फुली हे गाव त्यासाठीच ओळखलं जातं. स्टीलच्या टाकीत मुरलेल्या आर्वीनला ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास असतो, आंबटपणा धारदार असतो आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांवर मिठाचा बारीक अंश उरतो. त्या मिठासाठीच ही वाइन प्यायची. म्हणून 225 लिटरच्या ओक पिंपात, म्हणजे बॅरिकमध्ये मुरवलेली आर्वीन घेताना एकच गोष्ट तपासायची: लाकडानं ते मीठ झाकलं आहे का?

आर्वीनला लाकूड पेलतं ते तिच्या आंबटपणामुळे. त्याच खोऱ्यातली फांदां (शास्ला द्राक्षाची पांढरी वाइन) इतकी हलकी असते की नवं पिंप तिला गिळून टाकतं. बॅरिकमधून व्हॅनिला आणि थोडा लवंगेसारखा वास येतो, पिंप आतून भाजलेलं असल्यानं धुराचा स्पर्श येतो, आणि तळाला बसलेलं यीस्ट ढवळत राहिल्यानं वाइनच्या अंगाला साईसारखा गुळगुळीतपणा येतो. लोण्याचा वास मात्र मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल होताना तयार होतो. बरेच वाइनकर आर्वीनमध्ये ही क्रिया मुद्दाम थांबवतात, आणि आमच्या मते ते बरोबरच करतात. लोणी फार झालं की आर्वीन कुठल्याही गरम प्रदेशातल्या शार्दोने द्राक्षाच्या वाइनसारखी लागते.

लेबल नीट वाचा. 'फ्लेत्री' लिहिलं असेल तर वेलीवर सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन आहे, जेवणाबरोबरची नव्हे. हे न पाहता घेणारे पुष्कळ फसतात.

बाटली फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा. 11 ते 13 अंशांवर ती बोलू लागते. 6-7 अंशांवर फळाचा वास मिटतो, लाकडाचा कडवटपणा तेवढा पुढे येतो आणि भुशासारखी चव लागते. 16 च्या वर गेली की अल्कोहोल नाकात जातं. ग्लास पोटाशी रुंद हवा, ओतायचा तो जेमतेम तिसरा हिस्सा. आधी न हलवता वास घ्या: ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब आहे आणि बाटली परत करायची. मग हलवून परत वास घ्या. घोट तोंडात फिरवून गिळा आणि पाच-सहा सेकंद थांबा. व्हॅनिला आधी ओसरून ग्रेपफ्रूट आणि मीठ मागे राहिलं तर वाइन चांगली. उलट व्हॅनिलाच चिकटून राहिला आणि हिरड्या कोरड्या पडल्या तर लाकूड जास्त झालंय. एखाद-दोन वर्षं ठेवून ते थोडं मिसळतं, पण मुळात फळच दुबळं असेल तर थांबून उपयोग नाही.

जेवणात हिला लोणी आणि साय हवी. ज़्यूरिकची प्रसिद्ध डिश, म्हणजे साय-मशरूमच्या रश्श्यातले वासराच्या मांसाचे पातळ काप आणि रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा खरपूस थर), ही तिची सर्वांत चांगली जोडी: सायीला आंबटपणा कापतो, बटाट्याच्या खरपूस कडेला पिंपाचा धूर जुळतो. लेमां (जिनिव्हा) सरोवरातला पर्च मासा लोण्यात तळून लिंबू पिळलेला असला की मीठ ठळक होतं. वर्षभर मुरलेलं ग्र्यूयेर चीज उत्तम. राक्लेतला (बटाट्यांवर घातलेलं वितळलेलं चीज) मात्र फांदांच बरी, कारण सोबतची व्हिनेगरमधली काकडी आणि कांदे लाकडाला कडू करतात. शतावरीबरोबर तर धातूसारखी चव येते.

ज़्यूरिक-बासेलकडच्या मराठी घरांत प्रयोग करायचा असेल तर नारळाच्या दुधातली कोलंबी करा, आलं-लसूण बेताचं आणि मिरची एखादीच. ओकमध्येच नारळासारखा वास असतो, तो इथं सहज जुळतो. मालवणी मसाल्याबरोबर नको. अल्कोहोलनं तिखट आणखी झोंबतं.

किंमत साध्या आर्वीनपेक्षा बरीच जास्त असते, आणि स्विस वाइन देशाबाहेर जेमतेम एक-दोन टक्केच जाते, त्यामुळे तिथं गेलात तरच घेणं सोपं. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. तीन दिवस टिकते, आणि दुसऱ्या दिवशी लाकूड बहुधा जरा मऊ झालेलं असतं.