हाताने घडवलेली लॅप स्टील: आठ महिने मांडीवर घेतल्यानंतर

मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायची ही गिटार हातात आली तेव्हा अर्धा तास मी ती वाजवलीच नाही, नुसती कुरवाळत बसले. महोगनीचा अखंड ठोकळा, कडा गोल घासलेल्या, कुठे नख अडकत नाही. तेव्हाच लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

आधी तक्रार. स्केल लेंग्थ, म्हणजे नट (डोक्याकडची खाचांची पट्टी) ते ब्रिज (तारा टेकतात ते दुसरं टोक) अशी तारेची वाजणारी लांबी, साडेबावीस इंच (571.5 मिलिमीटर). बोर्डवर सुरांच्या जागा दाखवणाऱ्या रेघांपैकी बारावी बरोबर निम्म्यावर, 285.75 वर हवी. पण वरचे सूर कायम उतरलेले वाटायचे, आणि मी आपल्या कानाला दोष देत राहिले. शेवटी बाराव्या रेघेवर हार्मॉनिक (तारेच्या बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून निघणारा सूर) छेडून पाहिला, तर तो रेघेच्या पुढे सापडला. पट्टी लावली: जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक! कारागिराने प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपासून मोजली होती, म्हणून केसाएवढी चूक साठत गेली. सगळी मापं नटपासूनच घ्यायची असतात. लॅप स्टीलला पडदे नसतात, तारा बोर्डला टेकत नाहीत, रेघा फक्त डोळ्यांसाठी, हे मान्य. पण डोळा चुकीच्या जागी नेतो त्याचं काय? त्यांनी कुरकुर न करता नवा बोर्ड करून दिला, हेही सांगायला हवं.

नट मात्र बघत राहावं असं. मी तारा सी सिक्स्थ या ट्यूनिंगमध्ये लावते. बारीक तार 0.015 इंच, जाड 0.038. दोन्हींच्या खाचा सारख्याच खोल कापल्या असत्या तर जाड तार वर राहिली असती आणि शेजारच्या तारेवर बार नीट बसला नसता. इथे खाचा अशा कापल्यात की सहाही तारांचे माथे एका पातळीत येतात. लांब मींड घेताना मधली एकही तार झणझणत नाही.

मला खरं तर अ‍ॅल्युमिनियमची हवी होती, 1932 च्या त्या प्रसिद्ध ‘फ्राइंग पॅन’ गिटारसारखी. कारागिरानेच मोडता घातला: दिव्यांखाली धातू तापला की सूर हलतो. बरं झालं ऐकलं.

ऑर्डर देताना त्यांनी माझ्या पंजाचा आराखडा कागदावर काढून मागवला होता. तेव्हा हसू आलं. आता तार छेडली की करंगळी आपोआप व्हॉल्यूमच्या बटणावर पोचते. आवाज बंद ठेवून छेडायचं आणि मग हळूहळू उघडायचा, की सूर सारंगीसारखा फुलत येतो. आधीच्या तयार गिटारवर यासाठी हात उचलावा लागे.

पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, त्यामुळे थोडी घूं आलीच. तिसऱ्या महिन्यात ती फारच वाढली. मागची झाकणी उघडली तर ब्रिजला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरचा टाका सुटलेला. पाच मिनिटांचं सोल्डरिंग.

सध्या बटण फिरवताना खरखर येतेय. बटणाखालच्या पॉटमध्ये (आवाज कमी-जास्त करणारा भाग) क्लीनर मारून पाहते, नाहीच जमलं तर पॉट बदलेन.