म्हाडाच्या 'कोट्यातल्या' घरापायी ४ लाख ४५ हजार गेले

लॉटरीशिवाय म्हाडाचं घर मिळवून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला दारातूनच हाकला. म्हाडाने एजंट नेमलेलेच नाहीत. सोडत संगणकावर होते. अर्जही ऑनलाइन, पैसेही ऑनलाइन.

आमच्या बाबतीत काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. कुणीतरी परत केलेलं घर, 'आतला' माणूस, आणि "ताई, आजच्या आज सांगा". वाकडला वीस टक्के योजनेतला, म्हणजे बिल्डरने म्हाडाच्या सोडतीसाठी राखून ठेवायच्या घरांतला फ्लॅट, २३ लाखांत. त्याच इमारतीत बिल्डरचा भाव साठच्या पुढे. घर अत्यल्प उत्पन्न गटातलं. पुण्यात त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख. आमचं ७ लाख ४० हजार. "दाखल्याचं मी बघतो," तो एजंट म्हणाला.

आम्ही काही कुणाच्या तोंडचा घास काढायला निघालो नव्हतो. दर सोडतीला रीतसर अर्ज केले, अनामत भरली, यादीत नाव कधी आलं नाही. धायरीत अकरा महिने झाले की भाडं वाढतं, नाहीतर बिऱ्हाड हलवा. अशा माणसाला साठचं घर तेवीसला दाखवल्यावर मोह होणारच.

आधी फाइलचे ५० हजार, रोख. मग 'साहेबांचे' २ लाख ७५ हजार, तेही रोख. त्यासाठी सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या. शेवटी 'स्टॅम्प ड्युटी'चे १ लाख २० हजार, खात्यावर.

ते शेवटचे तरी वाचायला हवे होते! पुणे स्टेशनजवळ चहाच्या टपरीवर त्याने देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं पत्र, हातात ठेवलं. जांभळा गोल शिक्का, त्यात 'गृहनिर्माण'चं 'गृहनिमार्ण' झालेलं. पैसे भरायला दिलेलं खातं कुण्या बाईचं, बचत खातं. माझं बोट त्या शिक्क्यावरच होतं. नवरा म्हणाला, "एकदा ऑफिसात दाखवून येऊ का?" तो शांतपणे म्हणाला, "जा ना दादा. पण उत्पन्नाचं विचारतील." आम्ही दोघंही गप्प. मेख तिथेच आहे. जे आपल्याला मिळायला नको तेच हवं असलं, की आपण कुणाला विचारायला जात नाही, आणि हे त्याला पक्कं माहीत असतं.

आता पोलिसांचं ऐका. पहिलाच प्रश्न, "पैसे कशासाठी दिले? लाच देणं गुन्हा आहे, माहितेय ना?" लुबाडणारा मोकाट आणि आरोपीसारखे उभे आम्ही! पैसे स्टेशनजवळ दिले, तिकडच्या ठाण्यात जा. तिकडचे म्हणाले, राहता तिथे द्या. खात्यावरच्या पैशांचं सायबरला विचारा. बँकेचा मॅनेजर म्हणे, तुम्हीच तर पाठवलेत. हद्दीचं कारण कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार नोंदवावीच लागते. नाही नोंदवली तर वरिष्ठांना पोस्टाने पाठवता येते. आमचा नुसता अर्ज घेतला, एफआयआर नाही. वरिष्ठांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, उत्तर नाही. पाटल्या मोडल्याची पावती दाखवली तर हवालदाराने ती वाचलीसुद्धा नाही.

खात्यावरून पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, चौकी नंतर. रोख तर देऊच नका, मागे काही पुरावा राहत नाही. त्याचे मेसेज रागाच्या भरात पुसू नका.

'गृहनिमार्ण'चा शिक्का असलेलं पत्र आणखी कुणाकडे असेल, तर लाजू नका, पुढे या. एकट्याच्या अर्जाला इथे कुणी विचारत नाही. सगळे मिळून आयुक्तालयात जाऊ.