लायसन्स आणि जादा शिफ्ट मिळवून देणाऱ्या एजंटपासून सावध राहा

भारतात एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीला (हॉस्पिटलमधलं पगारी प्रशिक्षण) आलेल्या आणि आता दुसऱ्या वर्षात जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. मूनलाइटिंगचं, म्हणजे रेसिडेन्सीच्या कामाव्यतिरिक्त जादा पगारी शिफ्ट करण्याचं, आमिष दाखवून एका एजंटने माझ्याकडून १,८०० डॉलर उकळले. पैसे गेले ते गेलेच, पण त्याने माझ्या नावावर जे करून ठेवलं ते जास्त भयंकर आहे.

पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला एसीजीएमईच्या (रेसिडेन्सी प्रोग्रामना मान्यता देणारी संस्था) नियमांनुसार मूनलाइटिंग करताच येत नाही. ही बंदी उठते, नेमकं त्याच वेळी हे लोक गाठतात. घरी शिक्षणकर्जाचे हप्ते चालू आहेत, पगार बेताचा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. हा माणूस ओळखीतून आलेला, अस्खलित मराठी बोलणारा. "मॅडम, फुल लायसन्स मी काढून देतो. अर्जंट केअरमध्ये वीकेंडच्या शिफ्टही ठरल्यात. बोर्डात आपली माणसं आहेत." बोर्ड म्हणजे लायसन्स देणारं राज्याचं मेडिकल बोर्ड.

त्याची बरीचशी माहिती बरोबर होती, म्हणूनच विश्वास बसला. बाहेरच्या कामाला सहसा ट्रेनिंग लायसन्स (फक्त रेसिडेन्सीपुरतं मिळणारं) चालत नाही, स्वतःचा डीईए नंबर (नियंत्रित औषधं लिहून देण्यासाठीची नोंदणी) लागतो, हॉस्पिटलचा मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकांच्या दाव्यांसाठीचा) तिथे सहसा लागू होत नाही, हे सगळं खरंच आहे. त्याने दडवलं ते एवढंच: अनेक राज्यांत अमेरिकेत शिकलेल्या डॉक्टरला एका वर्षाच्या ट्रेनिंगवर लायसन्स मिळतं, आपल्याला मात्र दोन किंवा तीन वर्षं पूर्ण करावी लागतात. आमच्या राज्यात तीन. मला लायसन्स मिळणं शक्यच नव्हतं.

मग त्याने अर्जात माझं ट्रेनिंग तीन वर्षांचं दाखवलं! लॉगिन त्याच्याच हातात होतं. बोर्ड ट्रेनिंगची खातरजमा थेट प्रोग्रामकडून करतं, त्यामुळे खोटं लगेच उघडं पडलं आणि खुलासा मागणारं पत्र माझ्या नावाने आलं. प्रोग्राम डिरेक्टर ठामपणे माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या, वकिलाच्या सल्ल्याने अर्ज मागे घेतला. तरी यापुढे लायसन्सच्या अर्जात 'पूर्वी अर्ज नाकारला गेला किंवा मागे घेतला का' असं विचारलं की मला 'हो' लिहून सगळी हकिगत जोडावी लागणार. दुसऱ्याने केलेल्या लबाडीचा खुलासा मी का करत राहायचा, या विचाराने अजून संताप होतो.

जे-१ (एक्स्चेंज व्हिजिटर) व्हिसावर असलेल्या माझ्या सहकाऱ्याला त्याने सांगितलं होतं, "१०९९ वर कंत्राटी काम केलं की व्हिसा आड येत नाही." (१०९९ हा कंत्राटी कमाईचा कर-फॉर्म.) साफ खोटं! जे-१ वरच्या रेसिडेंटला मूनलाइटिंगची परवानगीच नाही. पैसे कुठल्याही नावाने घेतले तरी स्टेटस धोक्यात येतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर मी आहे, पण तिथेही दुसऱ्या मालकाने इमिग्रेशन खात्याकडे स्वतःची पिटिशन (अर्ज) दाखल केल्याशिवाय त्याच्याकडे एक शिफ्टही करता येत नाही. शिवाय हे तास आठवड्याच्या ८० तासांच्या मर्यादेत मोजले जातात आणि प्रोग्राम डिरेक्टरची परवानगी लागते. त्यामुळे 'प्रोग्रामला कळवू नका' असं कुणी म्हणालं, तर तिथेच फोन ठेवा आणि हॉस्पिटलच्या जीएमई ऑफिसला (रेसिडेन्सीचा कारभार पाहणारं कार्यालय) विचारा. तुमच्या राज्याची अट बोर्डाच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळते.

झेल या पेमेंट ॲपवरून पाठवलेले पैसे परत आले नाहीत. पासपोर्टची प्रत आणि सोशल सिक्युरिटी नंबर त्याच्याकडे असल्याने इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे माझ्या नावावर कुणाला नवं कर्ज काढता येऊ नये; फ्रीझला पैसे पडत नाहीत. तक्रार एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीची दखल घेणारी सरकारी संस्था) आणि एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर नोंदवली आहे. याच पद्धतीने कुणी फसलं असेल, तर त्यांनीही नोंदवावी.